थोरलीचे दुकान आणि धाकटीचे बी

६ मार्च, सोमवार. सकाळी गारठा, दुपारी ऊन. दूध पातळ, दूधवाल्याला बोलले. धाकटी माहेरच्या भाचीच्या बाळंतपणाहून परत आली. पोटमाळ्यावरचे बियाण्याचे डबे उघडले. गच्चीवरच्या टाकीचे पाणी भिंतीतून झिरपून सगळे डबे भिजलेले. घेवड्याला मोड, बाकी सगळ्याला बुरशी. गल्लीतल्या बायका माझ्याकडे जमल्या. चहा केला, साखर संपली.

वहीत एवढेच आहे. वहीत मी घडले ते लिहिते, त्यामागचे लिहीत नाही. पण डबे भिजले यात गल्लीने एवढे हबकून जाण्यासारखे काय होते, हे कळायचे तर धाकटी कोण ते सांगितले पाहिजे.

धाकटी म्हणजे समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी, पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, चालताना नेहमी थोडी पुढे झुकलेली बाई. दोन भावांचे भाजीचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. थोरल्याची बायको ती थोरली आणि धाकट्याची ती धाकटी. दुकानावर बसायची थोरली. धाकटा पहाटे हातगाडी घेऊन गावाबाहेरच्या मळ्यांवर जायचा. कुणाचा पालक कोवळा, कुणाच्या काकड्या कडू निघतात, कोण वरच्या थराला चांगले आणि खाली किडके भरतो, सगळे त्याला पाठ. पुढे नदीवर मोठा पूल झाला आणि लांबून ट्रक येऊ लागले. ट्रकची भाजी दारात उतरायची, एका आकाराची, एका रंगाची. थोरलीला ते पसंत पडले. हातगाडी मागच्या बोळात उभी राहिली आणि धाकटा क्रेट उचलायला लागला. उचलताना खोकायचा. थोरली गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "आमच्याकडे दोन काटे आहेत. एक तोलतो, एक नुसता बसून खातो."

धाकटा छातीच्या दुखण्याने गेला. त्याची अंत्ययात्रा गल्लीतून निघाली तेव्हा न्हाव्याने शटर अर्धे खाली घेतले, औषधवाल्याने घेतले, सायकलवाल्याने तर पूर्णच लावले. थोरला पुढे खांदा देत होता. आणि त्याच्या दुकानात थोरली टोमॅटो तोलत होती. समोरचे गिऱ्हाईकच बिचारे ओशाळून म्हणाले, "राहू द्या वहिनी, नंतर नेतो." ती म्हणाली, "घ्या हो. नासतील ते."

हे मी खिडकीतून पाहिले आहे, ऐकीव नाही.

सगळे आटोपून लोक पांगल्यावर धाकटी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. म्हणाली, "काकू, तिचं शटर मी खाली ओढणार आहे. माझ्या हातानं नाही. तिच्या गिऱ्हाइकांच्या हातानं."

मी म्हटले, "अगं, दुःखात माणूस बोलतो काहीतरी."

"दुःख वेगळं, हे वेगळं. दोन्हीची सरमिसळ करू नका."

पुष्कळ लोक सूड घ्यायचे म्हणतात आणि मग जेवून झोपतात. धाकटी नवऱ्याची हातगाडी घेऊन त्याच्या ओळखीच्या मळ्यांवर गेली आणि मूठ मूठ बी मागून आणले. घेवडा, भोपळा, काकडी, मुळा, वाटाणा, टोमॅटो. गल्लीमागे बंद पडलेला बाटल्यांचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या आवारात तिने पहारेकऱ्याला विचारून जागा धरली. तिथली माती म्हणजे अर्धी काच. एक आख्खा हंगाम ती नुसती माती चाळत होती. गोणपाटावर मांडी घालून बसायची, चाळणीत माती घ्यायची, हिरव्या-तपकिरी काचा बाजूला. बोटे चिंध्यांनी गुंडाळलेली. येणारेजाणारे म्हणायचे, नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. थोरली तर म्हणायची, "काचा पेरतेय. आरसे उगवतील."

पहिला घेवडा निघाला तेव्हा धाकटीने तो विकला नाही. शेंगा भरलेली टोपली घेऊन ती दारोदार गेली. आधी गेली शिंपणीकडे, कारण शिंपणीचे तोंड गल्लीत सर्वांत मोठे.

"घे. तुझ्या खिडकीखाली चार हात जागा आहे. बी पण देते. पण एक अट आहे."

"कसली अट बाई?"

"जावेच्या दुकानाची पायरी चढायची नाही."

शिंपीण हसली. "एवढंच ना? मला वाटलं आता व्याज मागतेस."

"आणखी एक. पीक आलं की सर्वांत चांगलं फळ खायचं नाही. त्याला दोरा बांधायचा, वेलावर जून होऊ द्यायचं आणि त्याचं बी मला आणून द्यायचं. मला म्हणजे मलाच. कुणाला परस्पर द्यायचं नाही."

दोऱ्याची रीत तिने मळेवाल्यांकडून आणली होती. लोकांना ती फार लवकर पटली. दोऱ्याच्या फळाला गल्लीतली पोरेसुद्धा हात लावत नसत. पाहुणा आला आणि वेलावर एकच काकडी असली आणि तिला दोरा असला, तर पाहुण्याला पाणी मिळे. पण बी सगळे धाकटीच्या पोटमाळ्यावर का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. कारण उघड होते. बी घरोघरी राहिले तर कधीतरी थोरलीकडे पोचेल. म्हणून प्रत्येक जातीची वेगळी पुरचुंडी, राखेत घोळलेली, पत्र्याच्या डब्यात. बी घुसमटू नये म्हणून झाकणांना खिळ्याने पाडलेली भोके. पोटमाळ्याच्या दाराची किल्ली तिच्या गळ्यात.

हळूहळू खिडक्यांखाली, गच्च्यांवर, कारखान्याच्या आवारात, जिथे जागा तिथे वाफे झाले. नर्सच्या जिन्यावर टोमॅटो, न्हाव्याच्या दुकानामागे भोपळा. कुणाकडे मुळे जास्त झाले तर ते धाकटीच्या हातगाडीवर यायचे आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्या दारात जायचे. एकदा कुठल्याशा संस्थेची दोन मुले मुलाखत घ्यायला आली. त्यांनी विचारले, एवढं मोठं काम उभं करण्याची प्रेरणा तुम्हाला कुणाकडून मिळाली? धाकटी म्हणाली, "जावेकडून." त्यांनी लिहून घेतले, कुटुंबाचा भक्कम पाठिंबा. छापून आले तेव्हा धाकटीने ते कात्रण थोरलीच्या दुकानासमोरच्या खांबाला चिकटवले.

मागच्या थंडीत नदीवरच्या पुलाला तडा गेला आणि ट्रक बंद झाले. गावभर भाजीची बोंब झाली. थोरलीच्या दुकानात काड्यापेट्या आणि गोळ्या-बिस्किटे राहिली. आमच्या गल्लीत मात्र घरोघरी चूल नीट पेटत होती आणि पातेल्यात काहीतरी होते. पलीकडच्या दवाखान्याचा आचारी हातगाडी अडवून भोपळे मागायचा, धाकटी द्यायची. लोक म्हणायचे, बाईचे मन मोठे. मन मोठे होतेच, पण ती हातगाडी मुद्दाम थोरलीच्या दारावरून न्यायची आणि नेमकी तिथे तिच्या चाकात काहीतरी अडकायचे. मग ती खाली वाकून चाक बघत बसायची आणि वर भोपळ्यांचा ढीग.

पूल दुरुस्त झाला, ट्रक परत आले, गिऱ्हाईक आले नाही. चवीची सवय लागली की सुटत नाही. अखेर थोरलीने पाटी लावली: दुकान विकणे आहे. महिनाअखेर दुकान बंद करून ती आणि थोरला मुलाकडे जाणार होते, दूरच्या मोठ्या शहरात. धाकटी ती पाटी वाचायला दिवसातून कितीदा तरी जायची. दळण आणायचे असले तरी वाट वाकडी करून. मला म्हणाली, "काकू, पाटीवरचं अक्षरसुद्धा रडवं आहे." मग माहेरच्या भाचीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि ती गेली.

ती परत आली तो दिवस ६ मार्च.

डबे माझ्या जेवणाच्या टेबलावर आणले होते, कारण तिच्या खोलीत एवढ्यांना उभे राहायला जागा नव्हती. घेवड्याची पुरचुंडी उघडली तर आत पांढऱ्या शेपट्यांचे गोळे झालेले, एकमेकांत गुंतलेले. टोमॅटोच्या बियांचा काळा चिखल. पेरणी तोंडावर आलेली. नर्स म्हणाली, "बाजारात बी मिळतं की पाकिटात."

"त्याचं पुढच्या वर्षी बी धरत नाही," धाकटी म्हणाली. "एकदा आणलंस की दरवर्षी आण. म्हणजे ट्रकवाल्याच्या जागी पाकिटवाला."

"मळेवाल्यांकडे?"

"ते सगळे पाकिटावरच गेलेत. आपल्याकडे होतं ते शेवटचं."

मग माझ्या लक्षात आले की हे नुसते दुःख नाही. बायका एकमेकींच्या पायांकडे बघत होत्या. न्हाव्याची बायको शिंपणीला कोपराने ढोसत होती.

"काय आहे?" धाकटीने विचारले.

शिंपीण म्हणाली, "बी आहे. सगळं आहे. एका ठिकाणी."

"कुठं?"

"आधी खाली बस."

"मी बसणार नाही. कुठं?"

"तुझ्या सासूकडे."

म्हातारी सासू थोरलीकडे राहत होती. डोळे जवळजवळ गेलेले. दुकानाच्या मागच्या खोलीत बटाट्याच्या पोत्यांपलीकडे तिची खाट. उमेदीत तिने स्वतः मळा केलेला. एकदा शिंपीण तिला बघायला गेली तेव्हा म्हातारीने तिचा हात हुंगला आणि म्हणाली, "घेवड्याचा वास येतोय. मला एक शेंग देशील, वाळलेली?" शिंपणीने दिली. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या बायकोने भोपळ्याच्या बिया नेल्या. पुढे रीतच पडली. वेलावर एका ऐवजी दोन फळांना दोरा बांधायचा, एक धाकटीचे, एक म्हातारीचे.

धाकटी म्हणाली, "मला वाटायचं, दोन दोरे म्हणजे तुम्हाला जास्त हौस."

"हौसच होती," शिंपीण म्हणाली.

"माझी अट होती."

"दुकानाची पायरी चढायची नाही, अशी होती. आम्ही मागच्या बोळातून जायचो."

मी हसू दाबले. मला या भानगडीतले काही ठाऊक नव्हते. मी वही लिहिते म्हणून लोक माझ्यापासून बरेच काही लपवतात. धाकटी हसली नाही. तिने एकेक डबा परत बंद केला, जणू आत अजून काही जपायचे होते, आणि निघून गेली.

आता पेच असा होता. म्हातारीचे बी थोरलीच्या घरात, आणि थोरली महिनाअखेर म्हातारीसकट, सामानासकट गाव सोडणार. ती गेली की धाकटीचा सूड पुरा होणार होता. आणि ती गेली की गल्लीचे बीही जाणार होते.

बायकांनी मला मध्यस्थ म्हणून पाठवले. वयाचा मान म्हणे. थोरली गल्ल्यावर बसली होती; जाडजूड, केस नीट विंचरलेले, समोर रिकामा काटा. तिला सगळे कळलेले होते. गल्लीत बातमी माझ्या आधी पोचते.

"या काकू. बी हवंय ना?"

"तू मनाने द्यावंस असं वाटतं."

"देते की. मी कुठं नाही म्हणते? पण तिनं यावं. संध्याकाळी, चार गिऱ्हाइकं असताना. या काट्यासमोर उभं राहून म्हणावं, 'जाऊबाई, माझं चुकलं, बी द्या.' मी तोलून देईन."

"गिऱ्हाइकं कुठं असतात आता?"

मला असे बोलायला नको होते. तिचा चेहरा लाल झाला. "तर मग तिनंच घेऊन यावीत. तिच्याकडे गेलीत ना सगळी. आणि तिला सांगा, आली नाही तर जायच्या दिवशी मी म्हातारीची बियांची पेटी नळाखाली उघडीन. दुसऱ्यांदा भिजू देत."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी निरोपात पदरचे घालू नये असे शिकवले होते, आणि काही गोष्टी म्हातारपणीही सुटत नाहीत. धाकटी तेव्हा आवारात वाफा खणत होती. पेरायला काही नसताना खणत होती. निरोप ऐकून तिने ढेकूळ उचलले, हाताने फोडले, पुन्हा उचलले.

"शिंपीण म्हणते, मागच्या बोळातून चोरून आणू," मी म्हटले.

"मी चोर नाही."

"मग मागशील?"

"काकू, ती टोमॅटो तोलत होती."

"मला माहीत आहे. मी पाहिलंय."

"मग मला मागायला काय सांगता?"

"मी सांगत नाही. विचारते. पेरणी टळली तर न्हाव्याच्या घरात पुढच्या थंडीत काय शिजणार, ते तू सांग."

तिने हातातले ढेकूळ टाकून फावडे उचलले. चेहऱ्यावर असे काही होते की मला वाटले आता ती फावडे घेऊनच निघेल. दोन दिवस ती नुसती खणत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी.

"काकू, तुमची ती लोखंडी खाट माळ्यावर पडून आहे ना? मला हवी आहे. गादीसकट."

"कुणी येतंय?"

"येईल."

संध्याकाळी तिने ठेवणीतले कपडे घातले, केसांना तेल लावले, हातगाडीवर सतरंजी अंथरली आणि गाडी ढकलत निघाली. आम्ही सगळ्या मागून, जरा अंतर ठेवून, काहीच ठाऊक नसल्यासारख्या. एवढी माणसे थोरलीच्या दुकानासमोर कित्येक महिन्यांत जमली नव्हती. थोरली उठून उभी राहिली. तिने काटा पुसून घेतला.

"ये. काय हवंय? मोठ्यानं सांग."

धाकटी पायरीखालीच थांबली. "आई."

"काय?"

"आईंना न्यायला आलेय. तुम्ही दूर चाललात. त्यांना एवढा प्रवास झेपायचा नाही. माझ्याकडे राहतील."

थोरलीने या मागणीची तयारी केली नव्हती. मागे थोरला पोती मोजत होता, तो मोजायचा थांबला.

"तुझ्या खोलीत उंदराला वळायला जागा नाही."

"उंदीर तुम्ही ठेवा. आईंना पाठवा."

शिंपीण फिस्सकन हसली. थोरली म्हणाली, "इतकी वर्षं मी केलं त्यांचं. हगणंमुतणं काढलं. तेव्हा कुठं होतीस?"

"केलंत हो. दमलात. आता मी करते."

"लोक काय म्हणतील? शेवटी सासूला टाकून गेली?"

"म्हणतील," धाकटी म्हणाली. तिने मागे वळून आमच्याकडे पाहिले, जशी सभेत हात वर करणाऱ्यांची मोजदाद करतात. "म्हणणार ना गं?"

आत पोत्यांपलीकडून काठीचा आवाज आला. म्हातारी भिंत चाचपत बाहेर आली. एवढीशी, वाकलेली, पायात दोन वेगळ्या चपला. "किती वेळ लावलास गं," ती म्हणाली. "परवापासून बांधून ठेवलंय सगळं. थोरल्या, माझी पेटी उतरव."

थोरल्याने बायकोकडे पाहिले. थोरली म्हणाली, "पेटीला हात लावायचा नाही. या घरातली वस्तू या घरात राहील."

"पेटी मी माहेराहून आणली," म्हातारी म्हणाली. "तेव्हा तू बाहुलीचं लग्न लावत होतीस. आत माझी लुगडी-चोळी काही नाही, बघायचं असेल तर बघ. बिया आहेत. तुला पेरता येतात का?"

थोरला पेटी उतरवून घेऊन आला. त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काही करताना पाहिले. त्याने आईला उचलून गाडीवर बसवले, पेटी तिच्या मांडीशी ठेवली आणि धाकटीकडे न बघता आत गेला. थोरलीकडे एकच गोष्ट उरली होती.

"ने. ने तिला. आठ दिवसांत रडत येशील, परत घ्या म्हणून. मग कळेल."

"मला जे कळायचं होतं ते त्या दिवशीच कळलं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "नासले का हो शेवटी ते टोमॅटो?"

कुणी हसले नाही. हातगाडी वळली.

लोकांना वाटते गोष्ट इथे गोड झाली. गोड वगैरे काही नाही. म्हातारी खाष्ट आहे. पहिल्याच रात्री तिने धाकटीच्या राखेला नावे ठेवली, ओली आहे म्हणाली. झाकणांची भोके बोटाने चाचपून म्हणाली, "हे कुठल्या शहाण्यानं केलं? भोकातून हवा जाते, तसं पाणी पण जातं." पेरणी झाली, म्हातारी खुर्चीवर बसून प्रत्येक मूठ हुंगून सांगायची, हा घेवडा, हा नाही. पण दोघींमध्ये एक गोष्ट अडून होती आणि ती मला दिसत होती. एका दुपारी मी तिथे बसले असताना धाकटीने विचारलेच.

"तुमचा मुलगा दारावरून गेला. दुकान उघडं होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

म्हातारीच्या हातात सूप होते. ते थांबले नाही. "मी आत होते. मला नेलं नाही कुणी. बाकीची शटरं ऐकू आली, आमचं आलं नाही. तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? खात तिच्या हातचं होते. आंधळीनं भांडून जायचं कुठं?" तिने सूप आपटून फोलकट उडवले. "शिंपणीनं शेंग दिली तेव्हा म्हटलं, ठीक आहे. थोरलीच्याच गच्चीवर, तिच्याच परातीत, धाकटीचं बी वाळवीन. रोज वाळवलं. ती विचारायची, हे काय चाललंय? मी म्हणायची, वेळ घालवते."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी म्हातारीच्या पानात पहिली काकडी तिने वाढली. दोघींचे पटत नाही. त्या एकमेकींना ओळखतात, एवढेच.

नवीन बी घरोघरी वाटून ठेवायचे हेही म्हातारीने ठरवले. धाकटी अडून बसली होती. "वाटलं तर कुणीही कुणालाही देईल."

"देईल. परस्पर दिलं म्हणून तर आज तुझ्या वाफ्यात काही आहे. किल्ली गळ्यातून काढ. मानेला गंज लागेल."

किल्ली काढताना धाकटीचे तोंड कडू काढा प्याल्यासारखे झाले होते. आता प्रत्येक घरात कुठल्या ना कुठल्या जातीची पुरचुंडी आहे. माझ्याकडेही आहे, मुळ्याची.

हे सगळे पुढचे; त्याआधी, मार्चअखेरीस, थोरली निघाली. सामानाचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी लागला. धाकटीने म्हातारीला धरून माझ्या खिडकीखालच्या बाकावर माझ्याशेजारी आणून बसवले, स्वतः शेजारी बसली आणि दिसेल ते सांगू लागली.

"काटा काढला."

"हं."

"आता फळ्या. एक मोडली काढताना."

"मोडू दे."

"पाटी काढली. जाऊबाई बाहेर आल्या. इकडे बघत नाहीत. आता शटर धरलं भावोजींनी."

शटर खाली आल्याचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. म्हातारीने डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मी धाकटीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर, लिहायला बरे वाटत नाही पण खरे ते लिहावे, निव्वळ आनंद होता. पोट भरल्यावर दिसतो तसा.

"कुलूप कुठलं लावलं?" म्हातारीने विचारले.

"पितळी. मोठं."

"ते माझं आहे. मागून आण."

धाकटी उठली, रस्ता ओलांडून गेली आणि हात पुढे केला. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आले नाही. थोरलीने किल्ली फिरवली, कुलूप काढले आणि धाकटीच्या हातावर न ठेवता पायरीवर ठेवले. धाकटीने ते वाकून उचलले. शटर मग थोरल्याने तारेने बांधले. ट्रक निघाला.

मला वाटले, झाले, आता ही बाई शांत होईल. ती कुलूप पदराने पुसत माझ्याशेजारी येऊन बसली आणि ट्रक वळेपर्यंत बघत राहिली.

"काकू," ती म्हणाली, "तिच्या मुलाच्या शहरात तुमचं कुणी ओळखीचं आहे का? गच्ची असलेलं?"

"भाची आहे. का?"

"तिला बी पाठवायचंय. मुलगा तिथं भाजीचं दुकान काढून देणार आहे म्हणे जाऊबाईंना."

मी पत्ता दिला. भाचीला काकड्या आवडतात, त्यांचेही बी घाल म्हटले.

त्या संध्याकाळी वहीत लिहिले: ३१ मार्च. स्वयंपाकघरातला बल्ब गेला. नवा आणला, साठचा.